इंगळे मॅडम आणि गिरणीवरचा अँटेना

इंगळे मॅडम माणसाच्या चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, प्रवासात बाहीला काहीतरी लागलंय. मी हात खिशात घातले.

"खिशात नका घालू, भाऊ," त्या म्हणाल्या. "हातच तर पाहाचे हायेत मले."

बुलढाण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची ती गच्ची होती. कोपऱ्यात पत्र्याची खोली, खोलीबाहेर लोखंडी खांब आणि खांबावर जाडजूड पुस्तकाएवढे पांढरे अँटेने. पुढच्या पिढीचं, बाजारात अजून न आलेलं मोबाइल नेटवर्क तिथे उभं करून बघायचं काम चाललं होतं. हे नेटवर्क फोनवर बोलण्यासाठी नव्हतं आणि सिनेमे बघण्यासाठीही नव्हतं. ते डोळ्यांवर चढवायच्या एका जाड चष्म्यासाठी होतं. तो घातला की समोरची खोली आहे तशीच दिसते, पण टेबलावर नसलेला कप दिसतो, खोलीत नसलेल्या माणसाचे हात दिसतात. ही चित्रं काढणारा संगणक लांब कुठेतरी असतो. तुम्ही मान वळवली की ती खबर हवेतून तिथपर्यंत जायची, त्याने नवं चित्र काढायचं आणि ते परत तुमच्या डोळ्यांपर्यंत यायचं. एवढ्यात पापणी लवण्याइतकाही उशीर झाला, तर माणसाच्या पोटात ढवळायला लागतं.

मी पुण्याच्या ज्या कंपनीत होतो तिच्याकडे चष्म्याचं सॉफ्टवेअर होतं. नेटवर्क मॅडमचं. आमच्या साहेबांनी, सान्यांनी, मला थोड्या महिन्यांसाठी म्हणून तिकडे पाठवलं. मी बराच काळ राहिलो.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला खुर्चीही दिली नाही. चष्मा डोक्यावर चढवला आणि म्हणाल्या, "टेबलावर कप दिसून राह्यला ना? उचला."

मी हात पुढे केला. कप उचलला गेला. मला वाटलं, झालं.

"मधात हात थांबला तुमचा. काऊन?"

मी म्हटलं, "थांबला नाही, मॅडम."

"थांबला. तुमाले नाई समजलं, पण हाताले समजलं. कप मागं राह्यला असंन." मग खोलीतल्या माणसांकडे वळून म्हणाल्या, "पहा, अजून उशीर हाये. म्हटलं होतं ना मी."

संगणकाच्या पडद्यावर उशिराचे आकडे सारखे धावत होते. त्या तिकडे बघतही नव्हत्या. आकडे त्यांना समजत नव्हते असं अजिबात नाही. रेडिओलहरींवर त्यांची पीएच.डी. होती आणि ते आकडे मोजायची पद्धत त्यांनीच बसवली होती. पण नव्या माणसाच्या हातावर त्यांचा जास्त भरवसा होता. आमच्यासारख्यांना सवय होते, म्हणायच्या. उशिराचीही सवय होते आणि मग तो आहे हेच कळत नाही.

त्या स्वतः मात्र चष्मा कधीच घालत नसत. हे मला थोड्या दिवसांनी लक्षात आलं. मी कारण विचारलं ते त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या वायाळभाऊंना. वायाळभाऊ प्रयोगशाळेत सहायक होते. जीप चालवणं, शिडी धरणं, खांबावर चढणं हे सगळं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "त्यायलेच विचारा ना. काही लपवत नाईत त्या."

खरंच लपवलं नाही. "लहानपणी आईसंगं वावरात गेली होती. कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटून राह्यले होते. एक काडी उसळली, ते डाव्या डोयात. तवापासून एकच डोया हाये मले. आता तुमचा चष्मा दोन डोयायले दोन चित्रं दाखवते, त्याच्यातून खोली तयार होते. मले ते चपटंच दिसते. भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं."

एवढं सांगून त्यांनी लगेच दुसरं काम काढलं.

मग मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना त्या आधी तांब्याची कड पेल्याला टेकवायच्या, मगच वाकवायच्या. जिना उतरताना पहिल्या पायरीवर पाऊल जरा चाचपून ठेवायच्या. साडीखाली पुरुषांचे खेळाचे बूट असायचे, कारण गच्चीच्या शिडीवर त्यांना दुसरं काही चालायचं नाही. अंतर त्यांना आपोआप मिळत नव्हतं, दर वेळी काढावं लागत होतं. त्याचा आणि त्यांच्या कामाचा काही संबंध होता का, हे मी ठरवू शकलेलो नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं.

बोलताना त्या कोणाची भीड ठेवायच्या नाहीत. दिल्लीच्या लोकांशी ऑनलाइन बैठक असली की इंग्रजीत, ठणठणीत. पण मराठी माणूस समोर आला की मग तो कोणीही असो, त्यांची वऱ्हाडी सुटायची. "पॅकेट कुठी मरून राह्यलं ते सांगा मले," असं त्या, हवेत हरवलेल्या माहितीच्या तुकड्याबद्दल, आमच्या पुण्याच्या टीमला विचारायच्या तेव्हा पलीकडे कोणीतरी हसायचं. मॅडम हसू संपायची वाट बघायच्या आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारायच्या.

'जवळपास' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. मी एकदा म्हटलं, काम जवळपास झालंय. "जवळपास म्हंजे कुठी? मोताळा का मलकापूर?" त्यांचे वडील एस.टी.त कंडक्टर होते. घरात मुक्कामांची नावं कानावर पडत वाढलेल्या मुलीला अर्ध्या वाटेवरची गाडी पोचली असं म्हणता येत नसावं. शाबासकी त्यांच्याकडे एकच होती, "बरं हाये." बुद्धपौर्णिमेला मात्र सगळ्या प्रयोगशाळेसाठी पातेलंभर खीर आणायच्या आणि त्या दिवशी कोणाचंही काम तपासायच्या नाहीत.

बुलढाणा घाटावर आहे. आमचं दुसरं टोक घाटाखाली, नांदुऱ्याच्या अलीकडे, वडनेर भोलजीला होतं. नेटवर्क वापरून काय करायचं, यावर बऱ्याच बैठका झाल्या होत्या. कोणी खेळ सुचवले, कोणी लग्नाचे हॉल. मॅडमनी सुचवलं ते लकव्याचं. ज्यांचा एक हात किंवा पाय गेला आहे अशा माणसांना रोज व्यायाम लागतो. फिजिओथेरपिस्ट बसते बुलढाण्यात आणि तो माणूस घाट चढून बसने रोज येऊ शकत नाही. मग त्याने आपल्या गावात चष्मा घालावा, त्याला आपल्या हातावर बाईंचे हात दिसावेत, ते जसे हलतील तसा त्याने आपला हात हलवायचा प्रयत्न करावा. बाईंना इकडे त्याचा हात दिसावा. वडनेर हे मॅडमचं आजोळ होतं. तिथली माणसं त्यांना ठाऊक होती, म्हणून ते गाव.

गावात अँटेना लावायला उंच जागा हवी होती. सगळ्यात सोयीची गच्ची निघाली युसूफभाईंची. त्यांचं बियाण्यांचं दुकान खाली, घर वर. युसूफभाई हो म्हणाले. खांब उभा राहिला, केबल ओढून झाली. मग एक दिवस त्यांच्या आईने मॅडमला घरात बोलावलं. मी बरोबर होतो. म्हातारी पलंगावर बसलेली, शेजारी तिची नातसून, दिवस गेलेली.

"बेटी, ते वरचं पोरीच्या पोटातल्या लेकराले काही करनार तर नाई?" म्हातारीने विचारलं.

मी पिशवीतून लहरी मोजायचं यंत्र काढलं. मॅडमनी मला हातानेच थांबवलं. त्यांनी आधी मुलीला विचारलं, "तुले काय वाटते?"

मुलीने वर छताकडे बघितलं. मग म्हणाली, "यायनं सांगतलं तसं काही होत नाई म्हणून. वाचलं मी बी मोबाइलवर. पण झोपच येत नाई, मॅडम. वर पंखा वाजला तरी वाटते तेच हाये."

मॅडमनी यंत्र लावून दाखवलं, काटा कुठे असतो, कुठे गेला तर भीती, सगळं नीट समजावलं. घरातल्यांना पटलंही. युसूफभाई तर म्हणाले, राहू द्या, मी हाये ना. पण बाहेर येऊन जीपमध्ये बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "वायाळभाऊ, उद्या काढून घ्या तो."

मी म्हटलं, "मॅडम, रीडिंग अगदी सुरक्षित आहे."

"हाये ना. पन तिची झोप तर खरीच उडून राह्यली."

सान्यांना हे कळलं तेव्हा ते चिडले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुन्हा जागा शोधायची, पुन्हा सगळं मोजायचं, आणि गावात दुसरी तेवढी उंच गच्ची नव्हती. शेवटी तायडे म्हणून एकांची पिठाची गिरणी होती, तिच्यावर पाण्याची उंच टाकी होती, तिथे अँटेना बसवला. तायड्यांची हरकत नव्हती. गिरणीची मात्र होती. मोटर सुरू झाली की विजेचा दाब क्षणभर खाली जायचा. अँटेनाच्या पेटीत एक घड्याळ असतं, ते दुसऱ्या टोकाच्या घड्याळाशी काटेकोर जुळलेलं लागतं. त्या झटक्याने ते कधीमधी चुकायचं आणि उशीर एकदम वाढायचा. आम्ही बॅटऱ्या लावल्या, पेटी बदलली. चुकणं खूप कमी झालं. बंद झालं नाही.

याच सुमारास गिरणीशेजारच्या आमच्या व्यायामाच्या खोलीत करीमचाचा आले. वडनेरचे जुने शिंपी. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्यांनी बेतलेले. लकव्याने उजवा हात गेला होता. पहिल्या दिवशी ते आपला उजवा हात डाव्या हातात धरून, एखादं झोपलेलं मूल आणावं तसा घेऊन आले आणि मांडीवर ठेवून बसले.

"हा माझं ऐकतच नाई, बेटी," ते मॅडमला म्हणाले. "पूरी जिंदगी कैची चालवली यानं. आता बोट उघड म्हटलं त उघडत नाई."

बुलढाण्यात नीलिमाताई फिजिओथेरपिस्ट होत्या. चष्म्यातून त्यांचे हात चाचांच्या हातावर उतरले. चाचा दचकले, मग हसले. "या बाईच्या हाताले वजनच नाई!"

महिनोन्महिने ते चाललं. मॅडम जमेल तेव्हा घाट उतरून यायच्या आणि चाचांच्या बाजूला स्टुलावर बसून त्यांच्या हाताकडे बघायच्या. हात अडखळला की मला फोन, "आता काय झालं तिकडे?" आणि दर वेळी काहीतरी झालेलं असायचं. मी चाचांसाठी चष्म्यात एक कात्री आणि कापडाचं ठाण केलं होतं. सुरुवातीला त्यांचा हात तिच्यापर्यंत पोचायचाच नाही. मग पोचायला लागला. एका सकाळी, मीही वडनेरला असताना, नीलिमाताईंचे हात जरा बाजूला झाले आणि चाचांची दोन बोटं आपली आपण उघडली, मिटली. नसलेल्या कात्रीने नसलेलं कापड वीतभर कापलं.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आपल्या खऱ्या हाताकडे बघत राहिले. मग विचारलं, "कापड खराब त नाई झालं?"

"बरं हाये," मॅडम म्हणाल्या, आणि उठून बाहेर गेल्या. बराच वेळ गिरणीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मग प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीचा दिवस ठरला. दिल्ली-मुंबईची माणसं येणार, बुलढाण्याच्या सभागृहात बसून वडनेरचा प्रयोग बघणार, आणि पुढचा टप्पा द्यायचा की नाही ते ठरवणार. पुढचा टप्पा मिळाला तर घाटाखालच्या बऱ्याच गावांत हे जाणार होतं. सान्यांनी आधीच सगळी तयारी बघितली आणि एकच मागणी केली, तेवढ्या सकाळी गिरणी बंद ठेवावी. तायडे तयार होते.

मॅडम म्हणाल्या, "नाई. चालू ठेवा."

"मॅडम, दोन तासांचा प्रश्न आहे," साने म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी गिरणी चालूच राह्यनार ना, साहेब? मग त्यायले काय दाखवलं आपन? बंद गिरणीचं नेटवर्क?"

"अहो, दाखवतानाची परिस्थिती वेगळी असते. सगळेच तसं करतात."

"करत असतीन."

त्या सकाळी मी सभागृहात सान्यांच्या शेजारी होतो. मॅडम वडनेरला, चाचांच्या बाजूला. मोठ्या पडद्याच्या एका अर्ध्या भागात चाचांना चष्म्यातून जे दिसत होतं ते, दुसऱ्या अर्ध्यात साध्या कॅमेऱ्यातून ती खोली. चाचांनी नवा कुर्ता घातला होता, दाढीला मेंदी लावली होती. सुरुवात छान झाली. हात कात्रीपर्यंत गेला. समितीतल्या एक बाई पुढे सरकून बसल्या.

गावात कोणाचं तरी लग्न होतं आणि गिरणीवर दळणांची रांग लागली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. मोटर बंद-चालू, बंद-चालू होत होती. पडद्यावर नीलिमाताईंचे हात चाचांच्या हातापासून सुटले, मागे राहिले, एकदम उडी मारून पुढे आले. चाचांनी त्यांना गाठायला हात जोरात रेटला. त्यांचा खांदा वाकडा झाला. मान डुलायला लागली. तरी ते थांबले नाहीत, दात आवळून हात पुढे ढकलत राहिले.

तेव्हा पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात मॅडमचा हात आला आणि त्यांनी चाचांचा चष्मा काढून घेतला.

सभागृहात सगळ्यांना ऐकू आलं, चाचा म्हणाले, "बेटी, काऊन काढलं? मी त करूनच राह्यलो होतो!"

सान्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि मॅडमना लावला. आदल्या आठवड्याच्या तालमीचं रेकॉर्डिंग आमच्याकडे होतं. त्यात सगळं नीट झालेलं. ते हळू आवाजात बोलत होते. "मॅडम, रेकॉर्डिंग लावतो. खोटं नाहीये, आपलंच आहे, खरंच घडलेलं आहे."

मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "घडलं होतं. आता घडून नाई राह्यलं. त्यायले आधी सांगता का, की हे मागच्या आठवड्याचं हाये?"

"आधी सांगितलं तर त्याला काय अर्थ राहतो? नंतर सांगू ना."

"मग नका लावू."

त्यांनी फोन ठेवला. पडद्यावर दिसलं, त्या उठून कॅमेऱ्यासमोर आल्या. समितीला इंग्रजीत, शांतपणे सांगितलं की जोडणी चुकते आहे, रुग्णाला त्रास होईल म्हणून प्रयोग थांबवला आहे, चूक कुठे आहे ती माहीत आहे आणि अजून पूर्ण सुटलेली नाही. मग त्या चाचांकडे वळल्या. चाचांनी तोंड फिरवलं होतं.

समितीची माणसं सभ्य होती. कोणी वावगं बोललं नाही. जेवली, अजिंठ्याचा रस्ता विचारला, गेली. दुसरा टप्पा दुसऱ्या एका शहराला मिळाला. तिथे हे चष्मे लकव्यासाठी नव्हते, संग्रहालयासाठी होते. सान्यांनी मॅडमना कधी वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. फोन करणं मात्र त्यांनी बंद केलं.

चष्मे खोक्यांत भरायच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "गिरणी चालू ठेवाचं मी ठरवलं होतं. अँटेना तिथी नेला तो बी मीच. कोनी दुसऱ्यानं मनाले लावून घेऊ नका." आवाजात काही नव्हतं, वेळापत्रक वाचावं तसं.

नंतर जिन्यात मी त्यांना विचारलं, "पुन्हा तसंच केलं असतं का?"

त्या पहिल्या पायरीवर पाऊल चाचपत होत्या. तिथेच थांबल्या. "माहीत नाई, भाऊ," म्हणाल्या. "गिरणी बंद ठेवली असती त करीमचाचाचा हात सुधारून राह्यला असता आज. हे बी खरंच हाये ना?"

उत्तराची वाट न बघता त्या पुढची पायरी चाचपत उतरल्या.

त्यानंतर त्या रविवारी नीलिमाताईंना घेऊन बसने वडनेरला जायला लागल्या. वायाळभाऊंनी सांगितलं, पहिले काही रविवार चाचा भिंतीकडे तोंड करून बसले. मॅडम आपल्या स्टुलावर बसून राहायच्या आणि परतीच्या बसची वेळ झाली की उठायच्या. पुढे एका रविवारी चाचांनी न बोलता हात नीलिमाताईंपुढे केला.

पुण्याला परत जायच्या आधी मीही एकदा गेलो. चाचांचं दुकान त्यांचा पुतण्या चालवत होता. नीलिमाताईंचे हात आता खरे होते, त्यांना वजन होतं, पण ते आठवड्यातून एकदाच यायचे. कात्री चाचांना पुन्हा धरता आली नाही. ती आता हातात येणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. चाचांना आधी कळलं असावं.

"पाहा, साहेब," ते मला म्हणाले आणि कुर्त्याचं गळ्याजवळचं बटण उजव्या हाताने लावायला घेतलं. बोटं घसरत होती. बराच वेळ गेला. नीलिमाताई मदतीला पुढे झाल्या तसं मॅडमनी त्यांना मागे ओढलं. बटण लागलं. चाचांनी माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघितलं.

"पुतन्यानं काज लहान केलं हाये," ते म्हणाले. "त्याले काही जमत नाई."

मॅडम मोठ्याने हसल्या. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी कंपनी बदलली, काम बदललं. मॅडमशी अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं, तेही त्या कामाचंच बोलायच्या. मागच्या हिवाळ्यात मेहकरला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. वायाळभाऊंना फोन केला तर ते म्हणाले, आम्ही लोणारले हाओत, येऊन जा. म्हणून एस.टी.ने लोणारला गेलो.

सरोवराच्या काठावर, वरच्या कड्याला, वायाळभाऊ एक छोटा अँटेना धरून उभे होते. बाजूला दगडावर मॅडम बुटांच्या नाड्या बांधत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. उन्हासाठी डोक्याला पांढरा रुमाल. मला बघून म्हणाल्या, "आले का? हात दाखवा." मी दाखवले. "बरं हाये," म्हणाल्या.

आता त्यांच्याकडे प्रकल्प नव्हता, समिती नव्हती. रजा काढून आल्या होत्या. एवढ्या मोठ्या खोलगट भागात लहर काठावरून कशी वळते आणि कुठे संपते, ते त्यांना बघायचं होतं. कशासाठी, असं मी विचारलं. "घाटाखाली अशा सखल जागा लय हायेत," त्या म्हणाल्या. "उंच गच्ची भेटली नाई त काय करावं, त्याचं पाहून राह्यली." वन खात्याची परवानगी घेतली होती. वॉकी-टॉकीचा एक संच वायाळभाऊंकडे ठेवून दुसरा त्यांनी पदरात खोचला आणि उतरायला लागल्या. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं.

"इथी हाये," खालून आवाज यायचा. थोड्या वेळाने पुन्हा, "इथी बी हाये." वायाळभाऊ लिहून घ्यायचे. पांढरा रुमाल झाडीत दिसायचा, जायचा, पुन्हा दिसायचा. मग आवाज यायचा थांबला.

"मॅडम, ऐकू येऊन राह्यलं का?" वायाळभाऊंनी विचारलं. काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी कड्याच्या अगदी टोकाला गेलो.

खाली, पडक्या देवळाच्या ओट्यावर त्या उभ्या होत्या. आमच्याकडे तोंड करून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले.

"काही झालं का त्यांना?" मी विचारलं.

"नाई हो," वायाळभाऊ वहीत लिहिता लिहिताच म्हणाले. "लहर तिथी तुटली म्हणून सांगून राह्यल्या."

हात खाली आले. त्या वळल्या आणि आणखी खाली, झाडांत शिरल्या. माझी मेहकरची शेवटची बस होती. मी निघालो तेव्हा त्या अजून खालीच होत्या.